आबांची झांकी : दुरुस्तीच्या नोंदी

६ जुलै २०२५, रविवार (आषाढी एकादशी)

इंदुरातल्या पंढरीनाथाला जाऊन आलो. आजी या वर्षी आली नाही, गुडघ्यांनी हरताळ केलाय म्हणते. मिल कामगाराच्या बायकोला दुखण्यासाठीही शब्द तिथलेच सुचतात. साबुदाण्याची खिचडी खाता खाता तिने हुकूम सोडला, "माळ्यावरचा पुंडलिक उतरव. या गणपतीत चालायला पाहिजे."

पेटी उतरवली. पत्र्याची आहे. झाकणावर आबांच्या, म्हणजे आजोबांच्या, अक्षरात पांढऱ्या रंगाने लिहिलंय : "पुंडलिक. आडवा ठेवू नये." पेटी आडवीच ठेवलेली होती. चौदा वर्षं.

बाहेरच्यांसाठी सांगतो. पुण्या-मुंबईकडे ज्याला हलता देखावा म्हणतात ती आमच्या इंदुरात झांकी. अनंत चतुर्दशीच्या रात्री कापड मिलांच्या झांक्या निघतात. जेल रोड, कृष्णपुरा, राजवाडा असं पहाटेपर्यंत चालतं. आखाडेवाले लाठ्या-पट्टे फिरवत असतात आणि ट्रॉल्यांवर हलणारे देव, राक्षस, राजे. कामगार त्यासाठी पगारातून वर्गणी कापून देत. आता मिला बंद आहेत, झांक्या देणगी-अनुदानावर तरीही निघतात. आबा मिलच्या झांकीचं आतलं काम करायचे, म्हणजे लोकांना दिसत नाही ते. मिल बंद पडल्यावर त्यांनी १९९४ च्या गणपतीत घरासाठी ही छोटी झांकी केली. शेवटची चालली २०११ मध्ये. त्याच वर्षी मार्गशीर्षात ते गेले.

आज फक्त झाकण उघडून बघितलं. उंदराचा वास. बंद केलं.

९ जुलै, रात्र

आत काय निघालं ते लिहून ठेवतो, नंतर घोळ नको.

खालची फळी देवदाराची, २७ बाय १८ इंच, बॉबिनच्या खोक्याची असावी. तिच्यावर पलंग, पलंगावर म्हातारा-म्हातारी, पायाशी पुंडलिक. पुंडलिकाचा उजवा हात वर-खाली होऊन पाय चेपतो, डावा हात मागे वीट सरकवतो. विटेच्या मागे फळीला खाच आहे, तिच्यातून विठोबा वर येतो आणि विटेवर उभा राहतो. विठोबा लाकडाचा, सात इंची. बाकी मंडळी तारेवर कागदाचा लगदा आणि मिलच्या चिंधीची. म्हातारीचा एक पाय उंदराने नेलाय.

फळीखाली टेबल फॅनची मोटर, पाती नाहीत. पंख्याची मान डावी-उजवी फिरवणारी जी गियरची डबी असते, तिच्यावरून दोरी दोन लाकडी चाकांवर. आणि एका दांड्यावर दोन टापेट. कॅम म्हणा हवं तर, दांड्याबरोबर फिरून वरची वस्तू चढवणारी-उतरवणारी चकती. आबा आणि त्यांच्या लूम म्हणजे मागांच्या खात्यातले सगळे टापेटच म्हणायचे. पुंडलिकाचं टापेट धड आहे. विठोबाचं अर्धं वाळवीने खाल्लंय, हातात घेतलं तर भुगा पडला.

आबा लूम फिटर होते. १९५८ मध्ये अठराव्या वर्षी अकोल्याकडून इंदुरात आले. बरोबर एक वळकटी आणि गळ्यात तुळशीची माळ. चार वर्षांत म्हणजे १९६२ मध्ये कामगार पुढारी होमी दाजी इंदुरातून खासदार झाले तेव्हा आबा त्यांच्या सभांना सतरंज्या अंथरत होते. एकादशी कडक आणि सभा लाल बावट्याच्या. परदेशीपुऱ्यात कुणाला यात काही वावगं वाटत नसे. आजी सांगते, सभेत कुणी देवाबद्दल वेडंवाकडं बोललं की आबा उठून पाणी प्यायला जायचे आणि तो विषय संपला की परत येऊन बसायचे.

१३ जुलै, रविवार

मोटर धुतली, बुश बदलले, तेल दिलं. गुंजते आहे, म्हणजे जिवंत आहे. पण मान फिरवणाऱ्या गियरचे दात गेलेत. महाराणी रोडवर पाच दुकानं फिरलो. सुटा गियर कुणी देत नाही, नवा पंखाच घ्या म्हणतात. शेवटी भंगारवाल्याकडून २५० रुपयांत मोडका पंखा घेतला, त्यातला गियर बसला. मी पिथमपूरला सीएनसीवर काम करतो, मिलिमीटरच्या शंभराव्या भागाची भाषा बोलतो. आणि इथे गियर बसला म्हणून एकटाच माळ्यावर हसत होतो.

२० जुलै, रविवार

बाबांना म्हटलं, चाकांची दोरी ताणून धरता का जरा. म्हणाले, "मला त्या पेटीत हात घालायचा नाही."

चहा झाल्यावर आपणहून बोलले. जमेल तसं त्यांच्याच शब्दांत लिहितो.

"मिलला कुलूप लागलं तेव्हा मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. आम्हाला वाटलं दोन-चार महिन्यांत उघडेल. आबांना तर शेवटपर्यंत वाटत होतं. दर रविवारी गेटवर मीटिंग, चुकवली नाही कधी. दुसरीकडे काम मिळत होतं, एका पॉवरलूमवाल्याने घरी येऊन बोलावलं. नाही गेले. हिशेब होईपर्यंत मी मिलचा माणूस, म्हणे. तुझी आजी अठरा डबे करायची. मी सियागंजात पोती उचलली तीन वर्षं, मग तिथेच एका पेढीवर वह्या लिहायला बसलो. आणि हे इथे पुंडलिक घडवत बसले होते. आईबापाची सेवा! सेवा त्यांना लाकडात बरी सुचली. पाय आम्ही चेपत होतो."

मी काहीच बोललो नाही. ते पुढे म्हणाले, "पैसे कधी मिळणार विचारलं की एकच उत्तर. तो अठ्ठावीस युगं उभा आहे, मला तर अजून अठ्ठावीस वर्षंही झाली नाहीत."

हे वाक्य घरात आम्ही विनोद म्हणून सांगतो. आज पहिल्यांदा त्या वेळच्या बाबांच्या जागी बसून ऐकलं.

आबांच्या मिलचे पैसे तुकड्या-तुकड्यांनी आले, शेवटचा तुकडा ते गेल्यावर. वारसाच्या कागदांत आबांचं नाव तीन ठिकाणी तीन तऱ्हांनी लिहिलेलं. "एकच इसम" असल्याची शपथपत्रं करता करता बाबांच्या दोन चपला झिजल्या. दुसऱ्या मिलांचे याहून हाल. हुकुमचंद मिल १२ डिसेंबर १९९१ ला बंद पडली आणि तिच्या सुमारे ४,८०० कामगारांचे २२४ कोटी सुटले ते २५ डिसेंबर २०२३ ला. बत्तीस वर्षं. त्या दिवशी टीव्हीवर बातमी चालू होती, आजी म्हणाली, "ह्यांची तर अठ्ठावीस होऊन वर चार गेली." बाबांनी टीव्ही बंद केला होता.

२७ जुलै, रविवार

विठोबाचं टापेट नवीन करायला घेतलं. उरलेल्या अर्ध्या तुकड्याचा कागदावर ठसा घेतला. त्याच्या एका बाजूला मोठा भाग अगदी गोल आहे, चढ नाही की उतार नाही. झिजून सपाट झाला असणार असं समजून तो सोडून दिला आणि सरळ अंड्याच्या आकाराचा कॅम काढला. सागवानाचा तुकडा होता, संध्याकाळपर्यंत कापून घासून तयार. दिसायला फारच सुंदर झालाय, हे मीच लिहितो.

३ ऑगस्ट, रविवार

पहिली चाचणी. दोरी मीच ताणली. बटण दाबलं, पुंडलिकाचा हात हलला, वीट सरकली, विठोबा वर आला आणि लगेच खाली गेला. परत वर. परत खाली.

आजी खाटेवरून बघत होती. "विठ्ठलाला उठाबशा काय काढायला लावतोस रे? त्याने काय चोरी केली?"

रेग्युलेटरने गती कमी केली तर उठाबशा सावकाश होतात, एवढाच फरक. व्हिडिओ देवासच्या आत्याला पाठवला. तिचा फोन, "असं नव्हतं. तो वर आला की राहायचा. आम्ही हात जोडून होईपर्यंत राहायचा." कसा राहायचा ते तिला सांगता येईना. स्प्रिंग होती का, खटका होता का, दुसरी मोटर होती का? "मला काय माहीत! तू इंजिनियर."

मी डिप्लोमावाला. घरात हा फरक कुणी मानत नाही.

१० ऑगस्ट, रविवार

आजीने नंदानगरचा पत्ता दिला. आबांबरोबर लूम खात्यात असलेले एक जण तिथे राहतात, ऐंशी पार, अवधकडचे. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून जुना अर्धा तुकडाच हातात दिला. चष्मा पुसला, अंगठा त्या सपाट गोल भागावरून फिरवला, मग परत फिरवला. जो भाग मी झिजलेला म्हणून सोडून दिला होता तो.

"इसको तो छोड़ दिया होगा तुमने," म्हणाले. कसं ओळखलं विचारलं तर हसले. "सब नए लड़के यही करते थे. तुम्हारे बाबा इसको विसावा बोलते थे. हम लोगों को भी विसावा ही बोलने की आदत हो गई थी." (त्यांच्याकडे बाबा म्हणजे आजोबा.)

मग त्यांनी मला खाटेच्या दोऱ्यांवर पंजे ठेवून साचा, म्हणजे लूम, समजावला. साध्या कापडात एक सूत वर, एक खाली. वईची चौकट काही सुतं उचलते, मध्ये फट पडते, त्या फटीतून धोटा या टोकाचा त्या टोकाला जातो. तो जाईपर्यंत चौकट वरच थांबायला हवी. चढवणं सोपं, उतरवणं सोपं, टापेटची अक्कल त्या थांबण्यात. तेवढा भाग बरोबर गोल ठेवायचा, म्हणजे चाक फिरत राहतं आणि वरचं स्थिर राहतं. गोल कमी पडला की धोटा सुतात अडकतो, शेदीडशे सुतं एका दमात तुटतात आणि जॉबर, म्हणजे खात्याचा मुकादम, आईमाईवरून बोलतो.

कॅममध्ये याला आम्ही ड्वेल म्हणतो. कॉलेजात त्याचे आलेख काढून मार्क मिळवलेत मी. आणि डोळ्यांसमोर असलेला तो भाग झीज समजून टाकून दिला.

वारीची पालखी दुपारी वाटेत टेकते तो विसावा. रात्रीचा तो मुक्काम, विसावा नव्हे. आबांनी तो शब्द उचलून मिलच्या लोखंडात बसवला आणि अवधच्या माणसांच्याही तोंडी घातला.

निघताना त्यांनी विचारलं, लड़का कैसा है, वो सियागंजवाला? बाबांबद्दल. बाबा आता त्रेपन्न वर्षांचे आहेत. म्हटलं, ठीक आहेत. "उसका बहुत दुख था तुम्हारे बाबा को. बोलते नहीं थे." एवढं बोलून त्यांनी नातवाला पोहे आणायला पाठवलं आणि तो विषय परत काढला नाही. मीही काढला नाही.

१७ ऑगस्ट, रविवार

दुसरं टापेट. या वेळी पिथमपूरचं डोकं घरी ठेवून केलं. जुन्या तुकड्याचा गोल भाग कोनमापकाने मोजला, १४० अंशांच्या आसपास भरतो. तेवढा कंपासने आखला, चढ-उतार त्याच्या दोन्ही बाजूंना.

यंत्राने दोन मिनिटांचं काम आहे. कानसने दुपार गेली. गोल भागावर कानस आडवी चालवली की दाते उठतात, म्हणून दांड्यावर बसवून हाताने फिरवत पॉलिशपेपर धरला. बोटाला जाणवणारा शेवटचा उंचवटा चढ जिथे संपतो तिथे होता, डोळ्याला दिसतच नव्हता. तिथे विठोबा येऊन किंचित दचकत होता. चार वेळा काढलं, घासलं, बसवलं. पाचव्या वेळी दचकायचा थांबला.

बाबा दारात उभे होते. किती वेळ ते माहीत नाही. म्हणाले, "मेण लाव. ते मेणबत्ती घासायचे." आणि आत गेले.

२३ ऑगस्ट, शनिवार

रंगकाम. म्हातारीला नवा पाय केला, लुगड्याखाली झाकला. लगद्याचे पापुद्रे उचकटले होते त्यात छापील कागद निघाला, गेट मीटिंगचा हिंदी पर्चा, "सभी साथी समय पर" एवढंच वाचता येतं. परत आत चिकटवून टाकला.

घोळ पुंडलिकाच्या खांद्यावर झाला. उजव्या खांद्यावर रुपयाएवढा काळपट डाग आहे. ओल आली असेल म्हणून कातडीचा रंग कालवून ब्रश भरला तेवढ्यात आजी ओरडली, "तो नको पुसू! तो घट्टा आहे." पोती वाहून बाबांच्या उजव्या खांद्यावर घट्टा पडला होता, तो आबांनी रंगवला, असं तिचं म्हणणं. आत्याला फोन लावला. ती म्हणाली, "काहीतरीच. एका पावसाळ्यात छत गळलं तेव्हाचा डाग आहे तो. आईला आता सगळ्यात काही ना काही दिसतं."

भिंगातून बघितलं. रंगाच्या वर आहे का खाली, कळत नाही. कड थोडी ब्रशने ओढल्यासारखी वाटते. थोडी ओलीसारखीही वाटते.

बाबांना विचारलं नाही. रात्री ते स्वतःच येऊन पुंडलिकाला हातात घेऊन दिव्याखाली बघत होते. खाली ठेवला आणि म्हणाले, "कान राहिलाय रंगवायचा." डाग तसाच ठेवला. कान रंगवला.

२६ ऑगस्ट, मंगळवार (हरतालिका)

पूर्ण चाचणी. एक फेरा ३४ सेकंदांचा. पुंडलिक पाय चेपतो, वीट मागे जाते, विठोबा येतो, थांबतो.

किती थांबतो ते मोबाइलवर मोजलं. खरं सांगायचं तर २८ यावेत असं मनातून वाटत होतं. १४ आले असते तरी निम्मे म्हणून खूश झालो असतो. १३ आले. तीनदा मोजलं. रात्री व्होल्टेज चढलं की १२.

आजीला सांगितलं तर म्हणाली, "मोजतोस काय! हात जोड तेवढ्यात."

२७ ऑगस्ट, बुधवार (गणेश चतुर्थी)

बसले बाप्पा. झांकी डाव्या हाताला, वायर पाटाखालून. गल्लीतली पोरं दुपारपासून हजर. एकाने विचारलं, "भिया, ये भगवान बाहर क्यों खड़े हैं, अंदर क्यों नहीं आते?" मी सांगायला तोंड उघडलं, पण बाबाच पुढे झाले आणि त्याला सगळी गोष्ट सांगितली. देव दाराशी आला, पुंडलिक आईबापाची सेवा करत होता, उठला नाही, वीट फेकली, म्हणाला थांब यावर. अगदी रंगवून हिंदीत सांगितली. मला लहानपणी ही गोष्ट आबांनी सांगितली होती. बाबांकडून कधी ऐकली नव्हती.

१ सप्टेंबर, सोमवार

गौरी जेवल्या. दोरी एकदा सुटली, बाबांनी बसवली. बाकी काही नाही.

६ सप्टेंबर, शनिवार (अनंत चतुर्दशी)

संध्याकाळी विसर्जन करून रात्री जेल रोडला उभे राहिलो, मी आणि बाबा. पाऊस येऊन जात होता. गर्दी तीच, खेड्यांतून आलेली, पोरं खांद्यावर घेतलेली. ट्रॉल्या येत होत्या, एलईडीचा झगमगाट, मोठाले राक्षस मान हलवत. मी सवयीने खाली वाकून ट्रॉलीच्या पोटात काय आहे ते बघत होतो. बाजूला बघितलं तर बाबाही वाकलेले.

"तो हनुमान बघ," म्हणाले. "गदा वर गेली की झटका बसतोय."

"विसावा कमी ठेवलाय," मी म्हटलं.

शब्द त्यांना माहीत होता. ते फक्त हं म्हणाले. पहाटे दोनला पाय बोलायला लागले तेव्हा सराफ्यात जाऊन गरम दूध प्यायलो आणि घरी आलो.

८ सप्टेंबर, सोमवार

काल ग्रहण म्हणून आजीने कशालाच हात लावू दिला नाही. आज ऑफिसातून आल्यावर आवरलं. दोरी सैल करून ठेवली, मोटरला तेल दिलं, टापेट मेण लावून चिंधीत गुंडाळलं. पेटीत कडुलिंबाचा पाला आणि डांबराच्या गोळ्या. एकूण खर्च ९४० रुपये, त्यात महाराणी रोडच्या फेऱ्यांचं पेट्रोल धरलेलं नाही.

पेटी माळ्यावर चढवायला बाबा आले. चढवण्याआधी झाकणावरची अक्षरं ब्रशने गिरवली, फिकी पडली होती म्हणून. खाली आपल्या अक्षरात भर घातली, पेढीवरच्या वहीत लिहितात तसं ठाशीव : "दर चैत्रात वाळवीचे औषध." पेटी उभी ठेवली.

माझा पहिला, अंड्याच्या आकाराचा सुंदर कॅम आजीने मागून घेतला. दुधाचं पातेलं त्यावर ठेवते. थोडं डुगडुगतं.